सत्तेच्या नकाशात विरोधाची रेषा कशी काढायची

कोणाच्या हातात काय आहे, पैसा कुठून कुठे जातो, परवानगी कोण देतं आणि कोण अडवतं, हे एका कागदावर रेषांनी मांडलं की झाला सत्तेचा नकाशा. कलाशाखेची मुलं, चळवळीतले कार्यकर्ते, पत्रकार असे बरेच जण हल्ली हे काम करून पाहतात. बहुतेकांचा पहिला नकाशा एकाच ठिकाणी अडतो. वर मंत्री, कंपन्या आणि बँका, मधे अधिकारी, तळाला ‘जनता’ लिहिलेला एक चौकोन, आणि उरलेल्या कोपऱ्यात आवळलेली मूठ. बघणाऱ्याला वाटतं, एवढं मोठं जाळं, त्यापुढे आपण काय करणार? ज्यांनी त्या जाळ्याला खरोखर धक्का दिला, त्यांचं सगळं काम त्या मुठीत गुंडाळलं जातं.

म्हणून सुरुवातीलाच एक नियम घालून घ्या. विरोधालाही रेषा द्यायची. सत्तेच्या रेषेला जी तारीख, जी जाडी आणि जो पुरावा, तोच विरोधाच्या रेषेला. आणि ती रेषा सत्तेच्या रेषेला जिथे लागली, तिथे काय झालं तेही काढायचं: अडली, वाकली, तुटली की जशीच्या तशी पुढे गेली.

आधी दोन कामं बघून घ्या

अमेरिकेतला चित्रकार मार्क लोम्बार्डी (१९५१–२०००) बँका, तेलव्यवसाय आणि राजकारणी यांच्यातले व्यवहार मोठ्या कागदावर पेन्सिलीने, कमानदार रेषांनी काढायचा. माहिती सगळी छापून आलेली, आणि हाताने लिहिलेल्या हजारो कार्डांवर टिपून ठेवलेली. नियंत्रणाची रेषा वेगळी, पैशाची वेगळी, खटले आणि दिवाळखोरी लाल रंगात. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर एफबीआयने त्याचं एक चित्र बघायला न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाशी संपर्क साधला होता, इतका तपशील त्यात होता. त्याची शिस्त जरूर घ्या. पण त्याच्या कागदावर सत्तेला आडवं जाणारा सामान्य माणूस शोधूनही सापडत नाही. लाल रंग आहे तो कोर्टाचा, रस्त्यावर उतरलेल्यांचा नाही.

दुसरा जर्मन कलाकार हान्स हाके. १९७१ मध्ये त्याने न्यूयॉर्कमधल्या एका घरमालक गटाच्या इमारतींचे फोटो काढले आणि सरकारी दफ्तरातल्या मालकीच्या नोंदींसह ते मांडायचं ठरवलं. गुगेनहाइम संग्रहालयाने प्रदर्शन उघडण्याआधीच रद्द केलं. नोंदी सार्वजनिकच होत्या. त्या एका भिंतीवर शेजारी शेजारी आल्यावर मात्र त्यांना धार आली.

पहिली पायरी: प्रश्न छोटा घ्या

उदाहरणं नाशिक जिल्ह्यातली घेऊ. ‘नाशिकमध्ये सत्ता कोणाची?’ हा प्रश्न कागदावर मावत नाही. ‘लासलगावला कांद्याचा भाव कोण ठरवतं?’ हा मावतो. ‘गंगापूर धरणातून पैठणच्या जायकवाडी धरणाला पाणी सोडायचं हे कोण सांगतं?’, ‘पेठ-सुरगाण्यातला वनपट्ट्याचा, म्हणजे वनजमिनीवरच्या हक्काचा, दावा कोणत्या टेबलावर अडतो?’, ‘कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडायची की नाही, हा निर्णय कोणाच्या सहीने होतो?’ यांतला कोणताही घ्या. प्रश्नात ‘कोण’ आणि एखादं क्रियापद असलं की नकाशा आपोआप हलता होतो. आणि जिथे कोणीतरी नाही म्हटलेलं आहे असाच प्रश्न निवडा, नाहीतर दाखवायला विरोधच उरणार नाही.

दुसरी पायरी: कार्डं आणि कागदपत्रं

साहित्य साधंच लागतं. ब्राऊन पेपरची मोठी शीट, ट्रेसिंग पेपर, पेन्सिल, दोन-तीन रंगांची शाई, दोरा, टाचण्या आणि भरपूर कोरी कार्डं. संगणकावर करायचं तर इंकस्केप हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, जमिनीचा खरा नकाशा खाली हवा असेल तर क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर आणि ओपनस्ट्रीटमॅप हा खुला नकाशा. तरी पहिला खर्डा हातानेच करा. स्क्रीनवर सगळ्या रेषा एकसारख्या देखण्या दिसतात आणि कच्ची माहितीही पक्की वाटायला लागते.

एका कार्डावर एकच गोष्ट लिहा: कोणी, कोणाला, काय केलं, कधी, आणि हे कशावरून. पाचवी जागा रिकामी राहिली तर ते कार्ड बाजूला ठेवा, त्यावरून रेषा ओढायची नाही.

माहिती कुठून आणायची? सातबारा महाभूलेखवर दिसतो. उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतात, कंपन्यांचे संचालक कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या. शासन निर्णय महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर तारखेसह मिळतात. जे कुठेच नाही त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करा: १० रुपये शुल्क आणि उत्तराला ३० दिवसांची मुदत. अर्जात ‘का’ विचारू नका, कागदाची प्रत मागा. ‘अमुक तारखेच्या बैठकीचं इतिवृत्त द्यावं’ असं लिहिलं तर हातात काहीतरी पडतं.

विरोधाचे पुरावे मात्र अशा दफ्तरात थोडेच असतात. ते निवेदनाच्या पोच घेतलेल्या प्रतीत असतात, ग्रामसभेच्या ठरावात, मोर्चाच्या पत्रकात, घरातल्या जुन्या फोटोमागे लिहिलेल्या तारखेत, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरच्या चार ओळींत. नाशिकच्या १८४० पासून चालत आलेल्या सार्वजनिक वाचनालयासारख्या ठिकाणी जाऊन काय पाहायला मिळतं ते विचारा. चळवळीतल्या जुन्या माणसांकडे बसा आणि त्यांचं बोलणं टिपून घ्या. तोंडी सांगितलेलंही पुरावाच आहे, फक्त कार्डावर ‘तोंडी’ असं लिहा आणि त्याला जोड देणारा दुसरा माणूस किंवा कागद शोधा.

तिसरी पायरी: सत्तेची बाजू काढा (कांद्याचं उदाहरण)

लासलगावच्या बाजार समितीत सकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रांगेत लागतात. व्यापारी ट्रॉलीपाशी येतात, कांदा हातात घेऊन बघतात, बोली होते आणि पुढच्या ट्रॉलीकडे सरकतात. महिनोन् महिने सांभाळलेल्या मालाचा निकाल एवढ्यात लागतो. मग काटा, मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल खाली करणं, आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात येते पट्टी: वजन, भाव, कपात, निव्वळ रक्कम. अशी एखादी पट्टी मिळवा आणि नाव झाकून कागदाच्या मधोमध चिकटवा. इथून वरच्या दिशेला सगळी सत्ता काढता येते.

पहिली रेषा बंदराकडून निर्यातदाराकडे, तिथून व्यापाऱ्याकडे, तिथून पट्टीवरच्या भावाकडे. दुसरी रेषा दिल्लीकडून येते. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातच बंद केली, मे २०२४ मध्ये किमान निर्यात मूल्य (ज्याखाली माल बाहेर विकता येत नाही असा दर) आणि शुल्कासह ती उघडली, आणि १ एप्रिल २०२५ पासून शुल्क काढलं. या चार घटनांना चार कार्डं. तिसरी रेषा नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्था केंद्राच्या राखीव साठ्यासाठी करतात त्या खरेदीची. ती भाव उचलायलाही येऊ शकते आणि तोच साठा बाजारात उतरवून भाव पाडायलाही, म्हणून तिच्या पट्टीकडच्या टोकाला दोन बाण, एक चढता आणि एक उतरता.

इथपर्यंत काढून झालं की थांबा आणि कागद भिंतीवर लावून बघा. सगळे बाण पट्टीकडे येताहेत आणि पट्टीकडून बाहेर एकही जात नाही, असं दिसेल. बहुतेक जण इथेच नकाशा पूर्ण झाला असं समजतात.

चौथी पायरी: विरोधाच्या रेषा

आता ट्रेसिंग पेपर वर टाका आणि दुसऱ्या रंगाची शाई घ्या. विरोध एका प्रकारचा नसतो, तेव्हा एकच चिन्ह पुरणार नाही. नाशिक जिल्ह्याच्या इतिहासात निदान चार प्रकार स्पष्ट दिसतात.

*उलटा बाण.* २०१८ च्या अखेरीस निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या हातात साडेसातशे किलो कांद्याचे १,०६४ रुपये आले. त्याने ती सगळी रक्कम मनीऑर्डरने पंतप्रधानांना पाठवून दिली. ज्या रेषेवरून भाव खाली आला, तिच्यावरूनच पैसे वर गेले. हा बाण केसासारखा बारीक काढा, रक्कम आकड्यात लिहा, पण तो थेट दिल्लीपर्यंत न्या. त्याने शुल्क बदललं नाही, धोरण बदललं नाही. तरी एरवी एकतर्फी असलेल्या त्या रेषेवर उलट जाता येतं, हे त्याने देशभर दाखवलं.

*आडवी रेषा.* रस्ता रोको, रेल रोको, लिलाव बंद. १९८० च्या नोव्हेंबरात शेतकरी संघटनेच्या आंदोलनात खेरवाडीला रेल्वे अडवली गेली, पोलिसांच्या गोळीबारात दोन शेतकरी मारले गेले. लोहमार्गाच्या रेषेवर काटकोनात एक जाड रेघ, खाली ठिकाण आणि तारीख. मृत्यूसाठी रक्ताचे थेंब काढू नका. ‘दोन’ हा आकडा स्वच्छ अक्षरात लिहिला की पुरतो.

लिलाव बंदची रेषा काढताना मात्र नीट बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातशुल्काच्या निषेधात व्यापाऱ्यांनी जिल्ह्यातले लिलाव बंद ठेवले. दिल्लीच्या बाजूने पाहिलं तर हा विरोध, पण ज्याचा उन्हाळ कांदा चाळीत सडायला लागला आहे त्याच्या बाजूने ही दुसरी अडवणूक. म्हणून या रेषेला दोन कडा द्या, एक विरोधाच्या रंगाची आणि एक सत्तेच्या. अशा दोन कडांच्या रेषा जितक्या प्रामाणिकपणे काढाल, तितका नकाशावर विश्वास बसेल.

*चालत गेलेली रेषा.* ६ मार्च २०१८ रोजी किसान सभेचा लाँग मार्च नाशिकच्या सीबीएस चौकातून निघाला आणि सुमारे १८० किलोमीटर चालून १२ मार्चला मुंबईच्या आझाद मैदानात पोहोचला. वनहक्क, कर्जमाफी, नार-पार नद्यांचं पाणी अशा मागण्या होत्या. सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण या भागांतले आदिवासी शेतकरी त्यात मोठ्या संख्येने होते. दहावीच्या विद्यार्थ्यांना परीक्षेला जाताना अडचण नको म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीच चालून संपवला.

ही रेषा कशी काढायची, यासाठी १८६९ मधला एक फ्रेंच नकाशा उपयोगी पडतो. शार्ल मिनार याने नेपोलियनच्या सैन्याची रशियावरची स्वारी एका पट्ट्याने दाखवली. पट्ट्याची जाडी म्हणजे सैनिकांची संख्या. तो मॉस्कोकडे जाताना बारीक होत जातो आणि परत येताना धाग्याएवढा उरतो. लाँग मार्चची रेषा नेमकी उलट वागते: नाशिकहून निघताना जेवढी, त्याहून कसारा घाट उतरल्यावर जाड, मुंबईत आणखी जाड. संख्येचे आकडे बातमीगणिक वेगळे आहेत, त्यामुळे पट्ट्याच्या कडा पाण्याने फिक्या सोडा, टोकदार कापू नका. आणि अंतर किलोमीटरात दाखवण्याऐवजी मुक्कामांत दाखवा. सोललेल्या तळव्यांचे फोटो ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना का ते सांगायला नको.

मग त्याच रस्त्यावर आणखी दोन रेषा काढा. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुन्हा निघालेला मार्च शहराबाहेर पडून फार लांब गेला नाही. सरकार वाटाघाटींना आलं आणि तो थांबला. मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून निघालेला मार्च शहापूर तालुक्यातल्या वाशिंदला थांबला, पुन्हा आश्वासनांवर. तीन रेषा, तीन लांब्या, एकच रस्ता. प्रत्येक रेषेच्या टोकाला आश्वासनाची तारीख लिहा आणि तिथून पुढच्या मोर्चाच्या सुरुवातीपर्यंत तुटक रेघ ओढा. तेच प्रश्न घेऊन माणसं पुन्हा का चालली, हे ती तुटक रेघ सांगते. त्यासाठी वेगळा मजकूर लिहावा लागत नाही.

*वळलेली रेषा.* हा प्रकार सर्वांत अवघड, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली पंचवटीत काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि नाशिकची मंडळी तो पुढे काही वर्षं लढत राहिली. मंदिराला चारही दिशांना दारं आहेत, चारही सत्याग्रहींना बंद होती. नकाशावर मंदिराचा चौकोन, चार बाजूंनी येणाऱ्या रेषा आणि दाराशी थबकलेली टोकं. रामनवमीच्या रथावरून झालेल्या संघर्षाचं वेगळं कार्ड. अनेक जण इथे ‘प्रवेश नाकारला’ असं लिहून थांबतील. पण रेषा तिथे संपलेली नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा घेतली. दाराशी अडवलेली रेषा दाराकडे पाठ फिरवून येवल्याला आणि तिथून नागपूरला जाते. ती गेल्यावर कागदाचं केंद्रच सरकतं: आधी सगळ्या रेषा मंदिराकडे येत होत्या, आता मंदिर एका बाजूला राहिलं आहे. म्हणून या नकाशाला कागद आडवा आणि लांब घ्या, नाहीतर रेषेला वळायला जागाच उरणार नाही.

पाचवी पायरी: एकच माणूस दोन्हीकडे

पाण्याचा नकाशा केलात तर हे लगेच समोर येईल. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशाप्रमाणे १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर नाशिक-नगरच्या वरच्या धरणांतून पाणी सोडावं लागतं. सोडलं की नाशिकमध्ये आंदोलन, अडवलं की मराठवाड्यात. गंगापूरच्या खालचा शेतकरी सरकारपुढे दुबळा आहे, आणि पैठणच्या खालच्या शेतकऱ्यासाठी तोच नळ हातात असलेला शेजारी आहे. त्याचा ठिपका एका रंगात रंगवला तर नकाशा खोटा होतो. दोन रंगांत रंगवा. आणि कागद एकदा उलटा धरून पैठणच्या बाजूने वाचा. मी शिकवताना प्रत्येकाला हे करायला लावते, आणि दर वेळी दोन-तीन रेषांची जाडी बदलावी लागते.

सहावी पायरी: कोणाला उघडं करायचं नाही

सत्तेच्या नकाशात पदावरच्या माणसांची नावं येतात, ती सार्वजनिक कागदावर आहेत म्हणून. विरोध करणाऱ्यांचं तसं नाही. पोलीस, कंत्राटदार किंवा गावातला दांडगा माणूस हाच नकाशा हातात घेऊन कोणाकडे जाईल, हा विचार प्रत्येक नावापाशी करा. जे नेते जाहीर सभेत बोलतात त्यांची नावं चालतील. बैठक कोणाच्या घरी झाली, कोणी कागद दिला, कोण कोणाला निरोप देतं, हे कधीही काढू नका. ‘गावातल्या बायकांचा गट’ एवढं पुरे. माणसांमधलं जाळं सत्तेच्या बाजूचं तपशीलवार दाखवा, विरोधाच्या बाजूचं कृतीपुरतं: मोर्चा निघाला, ठराव झाला, लिलाव थांबला. वनहक्काच्या नकाशात ग्रामसभा, उपविभागीय समिती आणि जिल्हा समिती हे तीन टप्पे काढा आणि दावा कुठे पडून आहे ते दाखवा. दावेदाराचं नाव आणि गट क्रमांक नको. कच्ची कार्डं प्रदर्शनात लावू नका, ती घरात ठेवा.

कायद्याचं थोडक्यात. देशाची बाह्य सीमा दाखवणार असाल तर ती भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच हवी. देवळालीची लष्करी हद्द, नाशिकरोडचा नोटांचा छापखाना, ओझरचा विमान कारखाना या ठिकाणांच्या आतल्या रचना काढायच्या भानगडीत पडू नका, शासकीय गुपिते अधिनियम १९२३ चा आहे आणि अजून लागू आहे. बदनामीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ आहे. रेषेवर ‘भ्रष्ट’, ‘लुटारू’ असे शब्द लिहू नका. ‘अमुक तारखेला अमुक कंत्राट यांना मिळालं’ एवढंच लिहा, कागदाची प्रत जवळ ठेवा, आणि मोठी नावं असतील तर लावण्याआधी वकिलाला दाखवा.

सातवी पायरी: चित्र म्हणून उभं करा

रंग कमी ठेवा. सत्तेला एक, विरोधाला एक, दोन्हींना लागू असलेल्या गोष्टींना दोन्ही. विरोधाचा रंग एखाद्या पक्षाच्या झेंड्याचा नको, नाहीतर येवल्याची परिषद, शेतकरी संघटना आणि किसान सभा एकाच खात्यात जमा होतात, आणि ते खरं नाही. पेठ-सुरगाण्याचा विषय आहे म्हणून कडेला वारली आकृत्यांची नक्षी चिकटवणं टाळा. त्या भागातल्या चित्रकाराला सोबत घ्या, त्याला ठरवू द्या रेषा कशी जाईल. नाव आणि मानधनही त्याला द्या.

अक्षर वाचता आलं पाहिजे, हे कलेच्या नावाखाली कोणी विसरू नये. सहा फुटांवरून ठिकाणं वाचता यावीत, दोन फुटांवरून तारखा. खूणसूची कागदावरच असू द्या, मराठीत, मोठ्या अक्षरात.

आठवी पायरी: ज्यांच्याबद्दल आहे त्यांना आधी दाखवा

दालनात लावण्याआधी नकाशा बाजार समितीच्या आवारात, गावच्या पारावर, हुतात्मा स्मारकातल्या एखाद्या बैठकीत घेऊन जा. जमिनीवर अंथरा, म्हणजे सगळ्यांना चहूबाजूंनी बघता येतं. पेन्सिली वाटा. बोलायला सुरुवात बायकांपासून करा, नाहीतर त्यांची पाळी येईपर्यंत कागद भरलेला असतो. लोक पहिल्यांदा आपलं गाव शोधतात, मग चुका दाखवतात: ही रेषा इथून नाही तिथून गेली, हा साहेब तेव्हा बदलून गेला होता, त्या मोर्चाआधी आम्ही दोनदा निवेदन दिलं होतं. ही निवेदनं सर्वांत महत्त्वाची, कारण ती बातमीत येत नाहीत. प्रत्येक दुरुस्तीचं नवं कार्ड करा, पुरावा बघा, मगच शाई लावा.

दुरुस्त प्रतीवर आवृत्तीची तारीख टाका आणि जुनी प्रत गुंडाळून जपून ठेवा. शुल्क पुन्हा लागलं, दावा मंजूर झाला किंवा मार्च पुन्हा निघाला, की नवा ट्रेसिंग पेपर त्याच कागदावर टाका. एक प्रत ज्यांनी दुरुस्त्या दिल्या त्या गावात राहिली पाहिजे, लॅमिनेट करून, ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर लावता येईल अशा आकाराची.